शेजारची सीट

सुचेताने गाडीच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली, सहज आत डोकावली आणि तिच्या काळजात चर्र झालं. तिची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती.

गाडी म्हणजे लाल, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी स्पोर्ट्स कार. सहा फुटी शशिकांत तिच्यात अंगाची घडी घालूनच शिरायचा. सोसायटीच्या उतारावर तिचं पोट घासायचं, म्हणून त्याने केबिन रोडच्या मागे एक गाळा भाड्याने घेतला होता. लिंबू-मिरची बदलायला दर शनिवारी सुचेता तिथे यायची. बाकी सगळी गाडी नवऱ्याची, शेजारची सीट तेवढी तिची. ती पाच फूटही नाही, त्यामुळे तिची सीट कायम पार पुढे. मग ही ऐसपैस पाय पसरून कोण बसली? कुणीतरी लांब टांगांची भवानी, दुसरं कोण!

तिने गाडी धुंडाळली. ब्रेकखाली केसांचा जांभळा चिमटा सापडला. तोही त्याच्या बाजूला. म्हणजे किती खेटून बसत असेल बया!

रिटायर झाल्यावर त्याने हौसेने ही सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा शेजारीपाजारी हसले होते. हसोत बापडे. पहिलं वर्ष काय मजेत गेलं! दर रविवारी सकाळी दोघं घोडबंदर रोडने चेणे गावापर्यंत जायची. मोकळा रस्ता मिळाला की शशिकांत गिअर बदलायचा, इंजिन गुरगुरायचं, पाठीच्या कण्यातून गुदगुल्या व्हायच्या आणि साठीची सुचेता पोरीसारखी किंचाळायची. मग चेण्याच्या फाट्यावर चहा. गाडीला मात्र तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. स्टिअरिंग आणि टूथब्रश कुणाला द्यायचा नाही, हे त्याचं ठरलेलं होतं. अगदी बायकोलासुद्धा नाही.

गेल्या दिवाळीपासून सगळं फिरलं. रविवारी तो एकटाच जाऊ लागला. विचारलं तर म्हणे, सीट फार खाली आहे, तुझी कंबर दुखेल. इतके दिवस बरी नाही दुखली! बोलताना नजरेला नजर देईना, बघायचा ते तिच्या कानाकडे. मोरपंखी साडी नेसून ती समोर बसली तर याला साडी दिसलीच नाही. पेपर उघडणंही त्याने सोडलं. म्हणायचा, तूच वाच, तुझ्या आवाजात बरं वाटतं. मनात पाप असल्याशिवाय माणूस एवढी लाडीगोडी लावतो का? आणि तो फोन! आधी दिवसभर मेसेज टाइप करत बसायचा, आता गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायचा.

त्या शनिवारी संध्याकाळी तिने गॅलरीच्या दाराला कान लावला.

"उद्या सकाळी साडेसहाला गाळ्यापाशी ये, संचिता," तो म्हणत होता. "आणि घरी फोन करू नकोस. हिला कळता कामा नये."

सुचेताने मुकाट्याने बॅग भरली. उद्या डोळ्यांनी बघायचं, आणि खरं निघालं तर तडक बोरिवलीला, लेकीकडे. पस्तीस वर्षांच्या संसाराला नमस्कार.

रविवारी तो बाहेर पडताच तिने तीच मोरपंखी साडी नेसली. बघू दे, कुणाला सोडतोय ते. गाळ्यावरून निघालेली गाडी रविवारी कुठे थांबते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाली येऊन रिक्षा पकडली. "भैया, चेना गाव. जल्दी," एवढंच ती बोलली. वाटेभर चिमटा मुठीत आवळून बसली होती.

फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी लाल गाडी उभी होती, इंजिन चालू. स्टिअरिंगवर पंचविशीची एक मुलगी, ड्रायव्हिंग स्कूलच्या टी-शर्टमध्ये. आणि शेजारच्या सीटवर, लांब पाय पसरून, शशिकांत. त्याचे डोळे मिटलेले होते. मुलगी ॲक्सिलरेटर दाबायची, इंजिन गुरगुरायचं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते पहिल्या वर्षीचं हसू पसरायचं.

म्हणजे लांब टांगा याच्याच होत्या. पण हे कळून सुचेताचा राग निवायचा सोडून आणखी भडकला. जे स्टिअरिंग बायकोच्या हाती कधी दिलं नाही, ते या पोरीच्या हाती! तिला रडू फुटायला आलं. ते गिळून ती तरातरा गेली आणि त्याच्या उघड्या खिडकीसमोर उभी राहिली.

चाहूल लागून शशिकांतने डोळे उघडले आणि चेहरा तिच्याकडे वळवला. सकाळचं ऊन सरळ तिच्या तोंडावर होतं. दोघांत एका हाताचं अंतर. तो दचकला नाही, ओशाळला नाही. नेहमीसारखा तिच्या कानापाशी बघत अदबीने हसला आणि म्हणाला,

"ताई, जरा बाजूला होता का? आम्हाला गाडी वळवायचीय."