तिघांची खोली

बाथरूमच्या बेसिनमध्ये कुकर घासताना सुचेताची कंबर भरून आली होती. नवऱ्याची, सुभेदार हणमंत शेडग्यांची, तिथल्या जवानांना शिकवायला बोत्सवानात नेमणूक झाली होती. घर मिळेपर्यंत म्हणून दिलेल्या या एका खोलीत तिघांचा आता अकरावा आठवडा चालू होता. एकाच शेगडीवर स्वयंपाक, आणि आठ वर्षांच्या ईश्वरीचा अभ्यास पलंगावर. लग्नानंतरचं हे सहावं बिऱ्हाड. मांडायचा आणि मोडायचा तिला वीट आला होता.

तेवढ्यात हणमंत किल्ली नाचवत आत आले. "मिळालं घर! तीन खोल्या, शिवाय अंगण. उद्याच जायचं."

सुचेता कुकर बेसिनमध्येच सोडून बाहेर आली. हसावं की रडावं, तिला कळेना. ईश्वरीने मात्र तोंड पाडलं.

"अगं, तुला स्वतःची खोली मिळणार आता," सुचेता म्हणाली.

"मला नकोय. बाबा सीमेवर होते तेव्हा सुट्टीपुरतेच यायचे. इथे रोज माझ्या शेजारी झोपतात. तिकडे ते परत लांब जातील."

 हणमंत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नव्या घरात सामान लागलं. सुचेताचे पाय भरून आले होते, तरी तिने आतल्या खोल्यांतल्या तिन्ही गाद्या ओढत बाहेरच्या खोलीत आणल्या आणि शेजारी शेजारी अंथरल्या. हणमंत बघतच राहिले.

"अहो, असे उभे काय राहिलात? मधली गादी तुमची."