दोन इंच कमी

तेलगावात भागवत मिस्त्री जीपांना लोखंडी बंपर बनवून द्यायचा. लोखंड कापायच्या आधी पुठ्ठ्याचा नमुना लागतो, आणि तो कापायची त्याची पोरगी वैष्णवी. लग्न होऊन ती लिंबागणेशला गेली. तेव्हापासून भागवत फोनवर मापं सांगायचा आणि ती नमुना कापून एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची. पंचमीलासुद्धा ती आली नव्हती. सासरे म्हणायचे, काम असंल तर जावं, उगं कशाला.

या खेपेचा नमुना जीपला लावला तर दोन इंच कमी भरला. भागवतनं लगेच फोन केला.

"नमुना जीपला बसंना झालाय बाई. मामंजीला दे फोन. तुला हितं येऊनच माप घ्यावं लागतंय, म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती आली. जीपपुढं टेप घेऊन उकिडवी बसली. भागवत चहाचे दोन कप घेऊन शेजारी टेकला.

"आप्पा, तुमी माप चुकीचं सांगितलंतं."

"वय झालं आता. चुकतंय."

"न्हाई चुकत. असल्या जीपचे चार नमुने कापलेत मी लग्नाआधी. माप पाठ हाय मला."

भागवतनं एक कप तिच्यापुढं सरकवला. मग हळूच म्हणाला, "कळलंतं, तर बरोबर कावून न्हाई कापलास?"

वैष्णवीनं टेप गुंडाळून ठेवला.

"मग नमुना एकटाच आला असता ना, आप्पा."