दुरुस्त करू का?

"येईल ना हो भाऊजी, सगळं परत?" वहिनीने चहाचा कप कीबोर्डला इतका खेटून ठेवला की धाकट्याने आधी तो उचलून खिडकीत नेला.

"बघू या, वहिनी. आत्ताच काही सांगत नाही."

पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली होती. फाइल सिस्टीम बिघडली आहे, हाताने दुरुस्त करा, असं दादाच्या संगणकातल्या लिनक्स प्रणालीचं म्हणणं होतं. आठवडाभर ऑफिसात सर्व्हरची हीच दुखणी काढून धाकटा पिचून गेला होता. रविवारी दुपारी जरा पाठ टेकली, तोच दादाचा फोन. "माझी कादंबरी गेली रे," एवढंच बोलून दादा लहान मुलासारखा रडायला लागला होता.

ह्या कादंबरीपायी दादाने नोकरी सोडली, त्याला किती वर्षं झाली ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. वहिनी सकाळी शाळेत शिकवी आणि संध्याकाळी शिकवण्या घेई. दादा लिहीत असला की रेडिओ बंद, पाहुणे बंद, मिक्सरसुद्धा बंद. वाचायला मात्र कुणाला एक ओळ मिळत नसे. जुने साहेब अजूनही विचारत, येतोस का परत? दादाचं उत्तर ठरलेलं, हातातलं पूर्ण झालं की येतो.

"झालं काय नक्की?" धाकट्याने विचारलं.

"अंघोळ करून आलो तर हे असं," दादा दारातूनच म्हणाला. खोलीत पाऊल टाकायचा त्याला धीर होत नव्हता.

"वीज गेली असेल. आजकाल काही नेम आहे का!" वहिनी म्हणाली.

"दुसरीकडे कुठे कॉपी ठेवलीयस?"

"चोरली कुणी म्हणजे?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. दादा आतल्या खोलीत जाऊन तोंडावर टॉवेल टाकून पडला.

धाकट्याची कामाची रीत पक्की होती. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी तिची हुबेहूब नक्कल करायची आणि काय चिरफाड करायची ती नकलेवर. नक्कल व्हायला वेळ लागला. वहिनी मधूनमधून डोकावत राहिली.

"दमलात भाऊजी. नाही झालं तर नाही झालं. जिवाला लावून घेऊ नका."

"असं कसं, वहिनी? त्याचा जीव आहे त्यात."

"म्हणूनच म्हणते," वहिनी म्हणाली आणि पदराने उगाच टेबल पुसत राहिली.

मग त्याने तपासणी लावली. एकेक मोडकी नोंद सापडे आणि पडद्यावर प्रश्न येई. धाकटा 'हो'चं बटण दाबत जाई.

"काय विचारतंय सारखं?"

"दुरुस्त करू का, म्हणतंय."

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

"मग मोडलेलं मोडलेलंच राहील."

वहिनीने खिडकीतला गार झालेला कप उचलला. म्हणाली, "जेवून घ्या आधी. राहू दे ते."

"आता कुठे रंगात आलंय," धाकटा हसला. वहिनी हसली नाही.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा फाइली हाती आल्या. नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. पण आतला मजकूर शाबूत होता. धाकट्याला हर्ष झाला. दादाला हाक मारणार होता, पण आधी खात्री करावी म्हणून त्याने एक फाइल उघडली.

एक माणूस सकाळी खुर्चीतून उठतो, दारापर्यंत जातो. तिथे पान संपलं.

दुसरी उघडली. तोच माणूस, संध्याकाळी उठतो, दारापर्यंत जातो. तिसऱ्या फाइलीत खुर्चीऐवजी पलंग होता. एकाच फाइलीच्या ह्या मोडक्या नकला असाव्यात असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तारखा पाहिल्या. तारखा वेगवेगळ्या होत्या, वर्षानुवर्षांच्या. तो उघडत गेला. शेकडो फाइली होत्या आणि प्रत्येकीत पहिलंच पान होतं. त्या माणसाने दार काही उघडलं नव्हतं.

धाकट्याला आधी राग आला. ह्याच्यासाठी वहिनीने घसा फोडून शिकवण्या घेतल्या? मग आतून टॉवेलखालचा हुंदका ऐकू आला आणि राग कुठल्या कुठे गेला. रोज त्या खुर्चीत बसायचं आणि रोज तिथेच अडायचं. दादाची त्याला फार कीव आली.

त्याने नक्कल पुसली. मूळ डिस्क कोरी केली आणि नवं लिनक्स चढवायला घेतलं. मग आत जाऊन दादाजवळ बसला.

"दादा, काही वाचलं नाही रे."

"एक पानसुद्धा नाही?"

"एक पानसुद्धा नाही."

दादा टॉवेलने तोंड पुसून उठला. "एवढं सगळं पुन्हा लिहिणं आता ह्या जन्मी होणार नाही," तो म्हणाला. आवाजात दुःख होतं, पण मानेवरचं जू कुणीतरी उतरवल्यासारखा तो सरळ उभा होता. जेवताना त्याने भात दोनदा घेतला आणि शेवटी हळूच म्हणाला, "उद्या साहेबांना फोन करून बघतो."

वहिनी धाकट्याला पोचवायला फाटकापर्यंत आली. तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी खोटं बोलणार होता.

"माफ करा, वहिनी. तुमच्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं काही वाचवता आलं नाही मला."

वहिनीने मागे वळून पाहिलं. दादा खिडकीपाशी कुणाशी तरी फोनवर बोलत होता, चक्क हसत होता. तिने पदर डोळ्यांना लावला.

"तुम्ही काम हाती घेतलंत तेव्हा वाटलं, आता सगळं परत येणार, भाऊजी," ती म्हणाली. "मेलं मी कितीदा वायर उपटली तरी परत आपलं सुरू व्हायचं, दर वेळी तेच पहिलं पान घेऊन."