रिकाम्या खोलीतला पंखा

नकाशा विभाग बंद होऊन महिना झाला, तरी तिथला ताजी हवा सोडणारा पंखा रोज दुपारी आपोआप सुरू व्हायचा. माणसांच्या श्वासाने खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढला की सेन्सर पंखा लावतो. रिकाम्या खोलीत कशाला लावेल? सेन्सरच बिघडला असणार, म्हणून नवा घेऊन गेलो. अंधारात, विभागाबरोबर नोकरी गेलेले नकाशेकाका मांडीवर डबा घेऊन बसले होते. त्यांनी दिवाही लावला नव्हता. फक्त श्वास घेतला होता. "घरी अजून सांगितलं नाही रे," काका म्हणाले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला: "सेन्सर बिघडलाय ना? पंख्याची लाइनच तोडून टाक." तिथल्या खिडक्या उघडत नाहीत. "सेन्सर ठणठणीत आहे, साहेब. मीच इथे जेवतो." मला खोटं पचत नाही, म्हणून माझाही डबा आणला. तोवर काकांनी दुसरी खुर्ची पुसून ठेवली होती.