धरलेली जागा

जर्मनीत शिकणाऱ्या मोहिनीनं दुसऱ्या शहरात जायला बसचं तिकीट काढलं होतं. स्टँडवरून ती वडिलांशी, बंकटशी, व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिच्यामागं बर्फ पडत होता.

"आबा, स्वस्तातलं तिकीट हाय. सीट नंबर न्हाई, आन् गर्दी लई हाय."

"मग जागा धरायला खिडकीतून दस्ती टाक की."

"इथं खिडक्याच उघडत न्हाईत."

बंकट हसला. तोही गेवराईच्या स्टँडवर, उन्हात बीडच्या गाडीसाठी उभा होता. गाडी लागली तशी त्यानं सवयीनं खांद्यावरची लाल दस्ती खिडकीतून सीटवर टाकली आणि दाराच्या रेटारेटीत शिरला.

मोबाइल हातातच होता. तिकडं मोहिनीही बसमध्ये चढली होती.

"आबा, एकच जागा रिकामी हाय," मोहिनी हळू आवाजात म्हणाली. "तिच्यावर तुमची दस्ती हाय."

तिनं मोबाइल फिरवला. दस्तीच्या कोपऱ्याला बिडीनं पडलेलं भोक त्याला दिसलं.

"बसू का?"

बंकट आपल्या खिडकीपाशी पोचला. माणसं उभी होती, तरी ती सीट रिकामी होती. तिच्यावर मूठभर बर्फ होता.

त्यानं हात पुढं केला.

"तिथं बसू नका," शेजारची बाई म्हणाली. "कुणीतरी जागा धरलेली हाय."