वाकडा दात

आजीची कवळी सापडत नव्हती. आजी सापडली होती. पहाटे, अंथरुणातच, झोपल्यासारखी, आणि तीही शेजारच्या म्हातारीला. आता तिला न्यायची गाडी दारात उभी होती आणि घरातली झाडून सगळी माणसं पलंगाखाली, कपाटामागे, उशीच्या अभ्र्यात हात घालून दात शोधत होती.

हट्ट नातीचा होता. ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि आजीची ही तिच्या हातची पहिलीच. सुरुवातीला तिने सगळे दात शिस्तीत एका ओळीत बसवले होते. आजीने कवळी घालून आरशात पाहिलं, ‘ही कोण बया?’ म्हणून विचारलं आणि कवळी काढून परत केली. तिला तिचा जुना वाकडा दात हवा होता, शेजारच्या दातावर चढून बसलेला. नातीने मुकाट्याने तसा बसवून दिला. तेव्हापासून आजी कारण असो-नसो हसत सुटायची. लोकांच्या मयतालाही तिला आवरावं लागे. नातीला तिने बजावून ठेवलं होतं, की मला पोचवताना तोंडात दात हवेत. बोळकं घेऊन वर गेले तर तुझे आजोबा ओळखसुद्धा दाखवायचे नाहीत.

नातीने शब्द दिला होता. तो पाळायच्या नादात तिला सकाळपासून रडायला सवड मिळाली नव्हती.

शोधाशोधीत नको ते सगळं निघालं. आजीला डॉक्टरांनी बंद केलेली गोड बिस्किटं निघाली. दोऱ्याने दांडी बांधलेला आजोबांचा चष्मा निघाला, तो कोणीतरी स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवला. काकाचं म्हणणं, कुत्र्याने पळवली असेल. काकूने हळूच शंका काढली, की झोपेत गिळली तर नसेल? त्यावर क्षणभर सगळ्यांनी आजीकडे संशयाने पाहिलं.

शेजारची म्हातारी तेवढी जागची हलली नव्हती. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. आजी तिचं नाव कधी घ्यायची नाही, नुसतं ‘पलीकडची’ म्हणायची. आता खरं तर आजीच पलीकडची झाली होती. दोघी रोज कडाकडा भांडायच्या आणि आपण काय काय बोललो ते आठवून संध्याकाळी पोट धरून हसायच्या. तीच आज आजीच्या पायाशी ओठ घट्ट मिटून बसली होती. शब्द नाही, टिपूस नाही, पाण्याचा घोट नाही. तिने धसका घेतलाय, असं सगळ्यांचं मत पडलं. काकूच्या मते तर आता हिचंही काही खरं नव्हतं.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. काकाने बाहेरून आवाज दिला, की आता पुरे. नात घायकुतीला आली. आजीची रोजची संध्याकाळ पलीकडे जायची, म्हणजे कवळी तिथेच राहिली असणार. तिने म्हातारीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि घराची किल्ली मागितली. म्हातारीने मान हलवली. नातीने पुन्हा मागितली. तेव्हा म्हातारीने एकदा दाराकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

वाकडा दात. शेजारच्या दातावर चढून बसलेला.

“सकाळी हिच्या उशाच्या वाटीतून घेतली,” म्हातारी बोबडं बोलत होती. “ही गेली की तो दात परत कुठे दिसणार मला? पण बसत नाही गं. सकाळपासून धड रडतासुद्धा आलं नाही. तोंड उघडलं की पडते.”

तिने कवळी काढायला हात वर केला. नातीने तो हात धरून खाली घेतला.

“सापडली का गं?” काकाने बाहेरून विचारलं.

नातीने फळीकडे पाहिलं. चष्म्याशिवाय आजोबांना समोरचं दार दिसत नसे, तिथे दात काय दिसणार होते? आणि चष्मा तर इथेच राहिला होता.

“नाही सापडत,” तिने ओरडून सांगितलं. “जाऊ दे तिला तशीच. आम्ही आलोच.”

मग तिने पायाने दार लोटलं आणि म्हातारीच्या हनुवटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली.

“रड आता,” ती म्हणाली. “पडली तर मी झेलते.”