प्रभूची मूठ

रविवारी सकाळी पिठाच्या डब्यात खडखडाट होता. लेकीनं कोनाड्यातल्या पुरचुंडीकडे बोट दाखवलं, तशी रूथबाई खेकसली, "हात लावू नकोस! ती प्रभूची मूठ आहे."

रोज चूल पेटवण्याआधी चर्चसाठी काढून ठेवलेली मूठभर बाजरी. नवरा अंथरुणाला खिळला, तरी तिनं ती चुकवली नव्हती. उपासनेत तिनं पुरचुंडी वेदीपुढच्या टोपलीत ठेवली. "प्रभू, आता तूच बघ."

दुपारी दारात चर्चचे पाळकसाहेब उभे. "बाई, या मुठी मंडळीतल्या अडल्यानडल्यांसाठीच असतात. या वेळी तुमचं घर."

प्रभूनं ऐकलं होतं! तिनं भरल्या डोळ्यांनी पदर पसरला.

पदरात तिचीच पुरचुंडी पडली, तिनंच मारलेल्या गाठीसकट.

"आणि बाकीच्यांच्या मुठी?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "टोपलीत एवढीच होती, बाई."